नामजप आणि जेरंड

अर्थ कळलेला नसताना शब्द पुन्हा पुन्हा म्हणण्यात काही हशील आहे का? प्रश्न अध्यात्मातला वाटतो, पण दहिवडीत इंग्रजी शिकवताना मला तो रोज पडायचा. माण तालुक्यातली मुलं, घरात इंग्रजीचा वारा नाही. म्हणून कोणत्या क्रियापदापुढं ‘टू’ आणि कोणत्यापुढं ‘आयएनजी’, म्हणजे जेरंड, येतो हे मी तालावर म्हणवून घ्यायचो: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, पुढं आयएनजी! वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, पुढं टू! शेजारच्या वर्गाला वाटायचं, आमच्याकडं आरती चाललीय.

दहिवडीहून गोंदवले जवळच. नामजपाचा आग्रह धरणाऱ्या तिथल्या ब्रह्मचैतन्य महाराजांचं (१८४५–१९१३) सांगणं सरळ होतं: मन लागत नसलं तरी नाम घ्या, लागायचं ते मागाहून लागेल. याच सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या टेंभूला, १८५६ साली समाजसुधारक आगरकर जन्मले. त्यांना हे मुळीच पटलं नसतं. बुद्धीला पटेल तेवढंच मानायचं, हे सांगण्यासाठी त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढलं. आणि ‘वाक्यमीमांसा’ लिहून मराठी वाक्याची चिरफाड करून दाखवणारेही तेच.

एकदा घोकंपट्टी चालू असताना मागच्या बाकावरची मुलगी उठली. “सर, रिमेंबरला दोन्ही कसं चालतंय? टू पण आन् आयएनजी पण?” मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’: कुलूप लावायचं आधी आठवलं, मग लावलं. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’: कुलूप लावून झालंय, ते आता आठवतंय. ती थोडा वेळ बघत राहिली. “म्हंजे टू पुढं बघतंय, आयएनजी मागं.” हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, ‘एन्जॉय’पाशीच अडतो. तरी तो तिचा तिनं काढला होता. आगरकर खूश झाले असते. पण दोन्ही रूपं आधी जिभेवर नसती, तर तिला ती खटकली तरी असती का? इथं महाराजांचं पारडं जड होतं.

वाक्प्रचारांपाशी तर बुद्धी हातच टेकते. पावसाची वाट बघणाऱ्या माणमध्ये मी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ शिकवायचो. कुत्री-मांजरंच का? याचं पटण्याजोगं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण ‘मुसळधार’मधलं मुसळ कुठून आलं, हे तरी आपण कधी विचारतो? मातृभाषा आपण सगळी विश्वासावरच घेतो.

म्हणून माझं मत असं, की शिकण्याच्या आरंभी श्रद्धा लागते, पण ती उसनी असते आणि पुढं प्रश्न विचारून फेडावी लागते. ‘टू’ की ‘आयएनजी’ हे गाळलेल्या जागेत अचूक भरणारी, पण ‘मला घरी जायचंय’ एवढं इंग्रजीत न सांगता येणारी मुलं मी खूप पाहिली. त्यांनी जप केला, पण देवाशी बोलायची वेळच कुणी येऊ दिली नाही. देवळातही याहून फार वेगळं चालत नाही.

शिक्षकांना सांगणं एवढंच: मुलांकडून खुशाल घोकून घ्या. मात्र मागच्या बाकावरून कुणी ‘का’ विचारलं, तर घोकणं तिथल्या तिथं थांबवा आणि खडू हातात घ्या.