जें दुखणें डोळ्यांस दिसत नाहीं

(शास्त्रभाग : लूक १३:१०–१७ आणि २ करिंथ १२:७–१०)



लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत एका स्त्रीची हकीकत आहे. तिचें नांव शास्त्रांत दिलेलें नाहीं. तिला अठरा वर्षें असें दुखणें होतें कीं तिची पाठ वांकून गेली होती व तिला सरळ उभें राहतां येत नव्हतें. अठरा वर्षें म्हणजे किती काळ, ह्याचा विचार करा. तेवढ्या अवधींत पाळण्यांतलें मूल लग्नाच्या वयास येतें. इतका काळ ती स्त्री लोकांचीं पावलें पाहत चालली असेल. समोरच्याचें तोंड पाहावयाचें तरी तिला मान वळवून वर करावी लागत असेल. अशा स्थितींतहि शब्बाथ दिवशीं ती सभास्थानांत आली होती.

ह्या उताऱ्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तिनें प्रभूस हांक मारली असें लिहिलेलें नाहीं. प्रभूनेंच तिला पाहिलें, जवळ बोलाविलें, व तिच्यावर हात ठेविले. सभास्थानाच्या अधिकाऱ्यासहि डोळे होते. परंतु त्याला तेथें मोडलेला शब्बाथ तेवढा दिसला. प्रभूनें त्याला आठवण दिली कीं, शब्बाथ दिवशींहि तुम्ही आपल्या बैलास दावणीहून सोडून पाण्यावर नेतां. आणि त्या स्त्रीस त्यानें अब्राहामाची कन्या म्हटलें, म्हणजे देवाच्या घरांत तिची जागा कोणती हें सर्वांसमक्ष सांगितलें.

तिची पाठ वांकलेली होती, म्हणून तिचें दुखणें निदान लोकांस दिसत तरी होतें. परंतु पुष्कळ मनुष्यांची पाठ बाहेरून सरळ दिसते आणि आंत रात्रंदिवस वेदना चालू असते. अशांचें काय? त्यांच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवावा? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिका देशांत घडलेली एक गोष्ट आपणांस उपयोगी पडेल.

त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यास कनेक्टिकट नांवाचें राज्य आहे. तेथें लाइम व ओल्ड लाइम अशीं दोन शेजारचीं गांवें आहेत. ह्या भागांत पॉली मरे नांवाची एक बाई राहत असे. ती चार मुलांची आई होती. सन १९६० नंतरच्या दशकांत तिला अंगावर चट्टे उठणें, सांधे सुजणें, डोकें दुखणें, अंग गळून जाणें असे विकार होऊं लागले. पुढें तिच्या घरांतील इतरांसहि तसेंच होऊं लागलें. ती अनेक डॉक्टरांकडे गेली. तपासणींत कांहीं निघेना, तेव्हां हें दुखणें मनाचें आहे असें तिला सांगण्यांत आलें. बाईनें मात्र धीर सोडला नाहीं. कोणत्या दिवशीं काय झालें, शेजारीं कोणास काय होतें, हें ती लिहून ठेवूं लागली. शेवटीं १९७५ सालीं तिनें व तिच्याप्रमाणेंच जिचें मूल आजारी होतें अशा दुसऱ्या एका मातेनें राज्याच्या आरोग्यखात्यास हें कळविलें. तेव्हां येल विद्यापीठाचे डॉक्टर अ‍ॅलन स्टीअर ह्यांनीं चौकशी आरंभिली. जवळजवळच्या तीन गांवांत त्यांना असे ५१ रोगी आढळले. त्यांपैकीं ३९ मुलें होतीं. १९७७ सालीं हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि त्या गांवावरून ह्या रोगास लाइम रोग हें नांव पडलें.

हा रोग कसा होतो तें थोडक्यांत सांगतों. गुरांच्या कानांत व कासेस चिकटणारा गोचीड तुम्हीं सर्वांनीं पाहिला आहे. अमेरिकेच्या रानांत त्याच कुळांतील एक लहान गोचीड असतो. जन्मल्यावर तो बहुधा उंदरासारख्या लहान प्राण्याचें रक्त पितो, व त्या रक्ताबरोबर रोगाचे जंतु त्याच्या पोटांत जातात. पुढें तो खसखशीच्या दाण्याएवढा झाला म्हणजे गवतांतून माणसाच्या अंगावर चढतो. त्याचा चावा दुखत नाहीं, म्हणून आपणांस कांहीं चावलें हें पुष्कळांस कळतहि नाहीं. मग बहुतेकांच्या अंगावर एक तांबडा डाग पसरत जातो, ताप येतो, सांधे धरतात. १९८१ सालीं विली बर्गडॉर्फर नांवाच्या शास्त्रज्ञास गोचिडांच्या पोटांत मळसूत्रासारखे पीळदार जंतु आढळले, आणि रोगाचें मूळ हातीं लागलें.

ह्या जंतूंमुळें पाठहि दुखते. आपल्या कण्यांतून दोहों बाजूंस मज्जातंतु निघतात. जंतु त्यांच्या मुळांशीं पोहोंचले म्हणजे तेथें दाह होतो. ती वेदना रात्रीं वाढते, बरगड्यांभोंवतीं फिरते किंवा पायांत उतरते, आणि रोग्यास झोंप मिळत नाहीं. युरोपांत हा प्रकार विशेष आढळतो. फ्रान्समध्यें गारें व बुजादू ह्या दोन डॉक्टरांनीं १९२२ सालीं, आणि जर्मनींत डॉक्टर बान्वार्थ ह्यांनीं १९४१ सालीं त्याचें वर्णन लिहून ठेविलें होतें. परंतु जंतूचा शोध लागावयास १९८१ साल उजाडलें. म्हणजे ह्या वेदनेचें कारण सांपडण्यापूर्वीं कित्येक वर्षें मनुष्यें रात्रीच्या रात्री तळमळत होतीं. बंधूंनो, कारण सांपडलें नव्हतें म्हणून त्यांचें दुखणें खोटें नव्हतें. ह्या एका वाक्यांत आजच्या उपदेशाचें सार आहे. त्यावरून आपण तीन गोष्टी शिकूं.

पहिली गोष्ट : दुखणाइताचें म्हणणें खरें मानून ऐका.

पाठीच्या दुखण्याचा स्वभाव असा आहे कीं तें आज कमी, उद्यां अधिक. रविवारीं जी बाई उपासनेंत हसून बोलली, ती सोमवारीं हंडा उचलूं शकत नाहीं. तेव्हां शेजारणी म्हणतात, काल तर बरी होती, आज कामाचा कंटाळा आला आहे. सासू बोलते, नवरा बोलतो. कधीं कधीं मंडळींतले लोकहि म्हणतात कीं हिचें कांहीं गुप्त पाप असेल, किंवा हिचा विश्वास कमी आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून ते त्याचें पाप शोधूं लागले, आणि शेवटीं देवाचा कोप त्यांच्यावर झाला. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनींहि विचारलें कीं हें कोणाच्या पापाचें फळ. प्रभूनें त्यांचा तो तर्क साफ नाकारला. म्हणून जे उपदेशक व सुवार्तिक घरोघर भेटीस जातात, त्यांस माझी विनंती आहे कीं, दुखणाइताच्या खाटेजवळ बसून त्याच्या विश्वासाचें माप घेऊं नका. कोठें दुखतें, केव्हां वाढतें, कोणतें काम होत नाहीं, हें विचारा. मग प्रार्थना करा, आणि उठतांना पाण्याच्या दोन घागरी भरून ठेवा.

दुसरी गोष्ट : औषध हें देवाचें दान आहे; तें वेळेवर व समजून घ्या.

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असतां देवानें त्याची प्रार्थना ऐकिली, आणि त्याच वेळीं यशया संदेष्ट्यानें त्याच्या गळवावर अंजिरांचें पोटीस बांधावयास लाविलें. प्रार्थना व उपचार हीं तेथें एकाच घरांत नांदलीं. लाइम रोगावर डॉक्सिसायक्लिनसारखीं औषधें आहेत. रोग लवकर ओळखून तीं कांहीं आठवडे घेतलीं तर बहुतेक रोगी बरे होतात.

तथापि शंभरांत सुमारें पांच ते दहा जणांस औषध पुरें झाल्यावरहि दुखणें व थकवा महिनोन्महिने राहतो. असे लोक निराश होऊन तेंच औषध पुनः पुनः मागूं लागले. तेव्हां अमेरिकेंत डॉक्टरांनीं परीक्षा केली. कांहीं रोग्यांस ३० दिवस शिरेंतून व पुढें ६० दिवस तोंडानें औषध दिलें, कांहींस औषधासारखें दिसणारें पण गुण नसलेलें द्रव्य दिलें. २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं दोहोंत कांहीं फरक पडला नाहीं. शिवाय महिनोन्महिने शिरेंतून औषध घेतल्यानें रक्तांत दुसरेच जंतु शिरून कित्येकांचे प्राण धोक्यांत आले आहेत. मार्काच्या शुभवर्तमानांतील रक्तस्राव झालेल्या स्त्रीनें अनेक वैद्यांपाशीं आपलें सर्व धन खर्चिलें व तिचें दुखणें उलट वाढलें. खात्रीनें बरें करतों असें सांगून पैसे मागणारे लोक प्रत्येक देशांत आहेत, आणि ज्याची वेदना जुनी झाली आहे तो त्यांच्या हातीं लवकर सांपडतो. मंडळीनें अशा मनुष्यास सावध करावें. त्याची थट्टा करूं नये.

महाराष्ट्रांतील खेड्यांत ज्याची पाठ धरली त्यास लाइम रोगच झाला असेल, असें मानण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे पाठदुखीचीं कारणें निराळीं व पुष्कळ आहेत. परंतु पाठ अनेक आठवडे दुखत असून संध्याकाळीं बारीक ताप येत असेल व अंग वाळत चाललें असेल, तर कण्याच्या क्षयाची शंका घ्यावी. तो औषधानें बरा होतो, पण उशीर केल्यास पाठीस कुबड येतें व पाय लुळे पडतात. पाय बधिर होऊं लागले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें. आणि अंगास गोचीड चिकटलेला दिसला तर रॉकेल ओतूं नये, विडीचा चटका देऊं नये. बारीक चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ वर ओढावा व ती जागा साबणानें धुवावी.

तिसरी गोष्ट : जो कांटा निघत नाहीं, त्यासह चालण्यास कृपा मिळते.

लूकाच्या अध्यायांतील स्त्री तत्क्षणीं सरळ झाली. पण त्याच शास्त्रांत प्रेषित पौलाचीहि हकीकत आहे. त्याच्या देहांत एक कांटा होता. तो निघावा म्हणून त्यानें प्रभूस तीनदां विनविलें. उत्तर मिळालें, परंतु कांटा निघाला नाहीं. कृपा पुरेल इतकी मिळेल, असें त्यास सांगण्यांत आलें. पौलाचा विश्वास त्या स्त्रीपेक्षां कमी होता असें कोण म्हणेल? प्रभु कोणास एका क्षणांत सरळ उभें करितो, आणि कोणास वांकलेल्या पाठीनेंच दूरवर चालवितो. दोघांसहि तो पाहतो.

ज्याच्या वांट्यास दुसरा मार्ग आला आहे, त्यास मी म्हणतों : रानांत इस्राएल लोकांस मान्ना एका दिवसापुरता मिळत असे, तुमचें बळहि तसेंच मोजून मिळत आहे असें समजा. ज्या दिवशीं दुखणें कमी, त्या दिवशीं तीन दिवसांचें काम उरकूं नका, कारण चौथ्या दिवशीं पडून राहावें लागेल. तसेंच वेदनेच्या भयानें सदा निजूनहि राहूं नका. डॉक्टरांनीं मना केलें नसेल तर रोज थोडें चाला, उद्यां तितकेंच, आठवड्यानें किंचित् अधिक. पडून राहिलेली पाठ अधिकच आखडते. ओझें वांटून उचला. दुखतें तें सांगण्याची लाज धरूं नका. स्तोत्रकर्त्यांनींहि आपल्या हाडांच्या वेदना देवापुढें मोठ्यानें सांगितल्या आहेत. रात्रीं झोंप न लागल्यास मंडळींतील इतर दुखणाइतांचीं नांवें घेऊन प्रार्थना करा. पॉली मरेनें आपल्या दुःखाच्या दिवसांत जें लिहून ठेविलें, त्यायोगें पुढें हजारों अनोळखी मनुष्यांस आपल्या रोगाचें नांव कळलें व औषध मिळालें. ती २०१९ सालीं वारली. तुमच्या दुःखांतूनहि दुसऱ्या कोणाचें सांत्वन होणार नाहीं असें समजूं नका.

आतां मंडळीच्या पंचांस व पाळकांस एक शब्द. येत्या रविवारीं उपासना सुरू होण्यापूर्वीं नजर फिरवून पाहा. कोण येईनासें झालें आहे? कोणास सतरंजीवर तासभर बसवत नाहीं, म्हणून तो दाराबाहेरूनच परत जातो? त्याच्यासाठीं भिंतीशीं एक बांक ठेवा. उभें राहावेसें वाटलें तर उभें राहा, निजावेसें वाटलें तर मागें नीज, तुला कोणी बोलणार नाहीं, असें त्यास सांगा. मंडळीच्या कामांत त्याच्या हातून होईल असें कांहीं त्याच्याकडे सोंपवा. एखाद्याच्या हातीं नांवांची वही द्या, एखाद्यास लहान मुलांस वचन शिकवूं द्या. प्रभूनें त्या स्त्रीस मागच्या बाजूस राहूं दिलें नाहीं. त्यानें तिला पुढें बोलाविलें, व तिला तिच्या कुळाचें नांव दिलें.

ज्यानें आपल्या पाठीवर फटके सोसले व क्रूस वाहिला, तो प्रभु येशू ख्रिस्त ज्यांच्या पाठींत वेदना आहे त्यांस आजच्या दिवसापुरतें बळ देवो. आणि ज्यांची पाठ सरळ आहे त्यांस वांकून दुसऱ्याचें ओझें उचलण्याची बुद्धि देवो. आमेन.