राखेची साक्ष

वस्तूचा शेवट तिच्या घडणीविषयी खरे सांगतो काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी समीक्षेच्या मुळाशी जाणारा आहे. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स जमिनीवर सांडलेल्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो. राखेवरचा हा विश्वास सर्वस्वी निराधार नाही. हाताने वळलेल्या चांगल्या चिरुटात तंबाखूची लांब, अखंड पाने धुराला वाट ठेवून घडी घातलेली असतात. त्यांवर बांधणीचे पान व शेवटी वेष्टनाचे पान चढते. अशा चिरुटाची राख बोटाच्या पेराएवढी होऊनही तग धरते. आत तुकड्यांचा भरणा असला की ती लवकर ढासळते.

मात्र पांढरी राख म्हणजे उत्तम चिरूट, हा रूढ समज टिकत नाही. राखेच्या रंगात पानांतील मॅग्नेशियम, कॅल्शियम यांसारख्या खनिजांचा, पर्यायाने मातीचा, मोठा वाटा असतो. घडणीबद्दल राख जेवढ्या खात्रीने बोलते, तेवढ्या खात्रीने ती गुणांबद्दल बोलत नाही.

हा विवेक आपल्या रसशास्त्राने जाणला होता. भस्म पाण्यावर तरंगावे, बोटांच्या रेषांत भरावे, पुन्हा धातुरूप होऊ नये, अशा अनेक कसोट्या त्याने लावल्या. एकाच लक्षणावर निर्णय सोपवला नाही.

विडीचा न्याय आणखी वेगळा. तेंदूच्या पानात तंबाखूचा चुराच भरायचा असल्याने तिची राख टिकत नाही. यावरून वळणारीचा हात कच्चा ठरवणे अन्यायाचे होईल. प्रत्येक वाङ्मयप्रकाराची कसोटी त्याच्या द्रव्यातूनच शोधावी लागते, ती अशी.

आणि एका गोष्टीबाबत प्रत्येक राख मुकी असते. कर्नाटकाच्या सीमेवरील मराठीभाषक निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याची खूण कोणत्या राखेत सापडणार? निपाणीत विड्या वळणाऱ्या किंवा बेंगळुरूत घरी बसून अगरबत्त्या वळणाऱ्या स्त्रियांना दिवसाकाठी काय मिळते, हेही राख सांगत नाही. कलाकृतीची वीण पारखणाऱ्याने ती पारख अवश्य करावी. परंतु वीण निर्दोष आहे एवढ्यावरून ती ज्या व्यवहारातून आली तोही निर्दोष आहे, असे मानू नये. तो शोध राखेच्या पलीकडे, माणसांपाशी जाऊनच घ्यावा लागतो.