विसरणें : औदार्य कीं अपराध ?

झालें गेलें विसरून जावें, असा उपदेश आपण सर्वांनीं वडील माणसांच्या तोंडून ऐकलेला असतो, आणि खासगी व्यवहारांत पुष्कळदां तो हिताचाच ठरतो. दुसऱ्याचा अपराध ज्याला विसरतां येतो, त्याला आपण थोर मनाचा म्हणतों. परंतु हाच न्याय एखाद्या नगरीस लागू पडेल काय? ब्राझील देशांतील रिओ दि जानेरो या नगरीचा इतिहास या प्रश्नाचा विचार करण्यास फार उपयोगी आहे.

या नगरीचें नांव निघतांच निळा समुद्र, त्याच्या कांठचे उंच सुळके आणि कार्निव्हलच्या दिवसांतील नाचरंग हींच चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. पण येथील बंदरालगत व्हालोंगो नांवाचा एक दगडी धक्का आहे. १८११ पासून तो बांधला गेला, तो आफ्रिकेंतून पकडून आणलेलीं माणसें उतरवून घेण्यासाठीं. अशीं सुमारें नऊ लक्ष माणसें येथें उतरलीं असा अंदाज आहे. आसपासच्या पेढ्यांवर त्यांची विक्री होई. आणि समुद्रप्रवासानें खंगून जीं मरत, त्यांचे देह जवळच कसेबसे पुरले जात. १८३१ सालीं कायद्यानें ही आयात बंद झाली, तरी चोरून चालूच राहिली. पुढें १८४३ सालीं सम्राट् दुसरा पेद्रो याची वधू तेरेसा क्रिस्तिना येणार, म्हणून त्याच ओबडधोबड दगडांवर घडीव दगडांची नवी फरसबंदी झाली आणि धक्क्यास सम्राज्ञीचें नांव मिळालें. १९११ सालीं नगरसुधारणेच्या ओघांत तीहि मातीखालीं गेली. अखेर २०११ सालीं बंदराच्या नव्या कामासाठीं खोदतांना हे सारे थर पुन्हा उजेडांत आले.

दगडांप्रमाणें कागदांचीहि तीच गत झाली होती. १८८८ सालीं ब्राझीलमध्यें गुलामगिरी नष्ट झाली. दोन वर्षांनीं अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनीं आपल्या खात्यांतील गुलामगिरीचें दप्तर जाळण्याचा हुकूम काढला. राष्ट्रावरील कलंक पुसावा, हा त्याचा उघड हेतु. जुन्या मालकांस भरपाई मागण्यापुरताहि पुरावा उरूं नये, असाहि त्यांत उद्देश होता, असें अनेक अभ्यासक मानतात. यांतील एकहि हेतु नीच म्हणतां यावयाचा नाहीं. तरीहि त्या अग्नींत नुकसान कोणाचें झालें? मालकांच्या वंशावळी शाबूत राहिल्या. ज्यांच्या पूर्वजांचीं नांवें मालमत्तेच्या यादींतच काय तीं लिहिलेलीं होतीं, त्यांचा मात्र शेवटचा धागा तुटला.

येथें आपल्या प्रश्नाचें मर्म आहे. सावकारानें कर्ज विसरावें, हें औदार्य; ऋणकोनें तें विसरावें, ही लबाडी. विसरण्याचा अधिकार ज्यानें सोसलें त्याचा आहे. ज्यानें लाभ घेतला त्याचा नव्हे. व्हालोंगोवर माती लोटणारे हात पहिल्या प्रकारचे नव्हते.

कोणी म्हणेल, आजच्या रहिवाशांचा यांत काय दोष? दोष नाहींच. पाप वारशानें येत नाहीं. पण इस्टेट वारशानें येते, आणि ती घ्यावयाची तर तिच्यावरील बोजासह घ्यावी लागते. गुलामांच्या श्रमांनीं पिकविलेल्या ऊंस-कॉफीवर ही नगरी श्रीमंत झाली. ज्या सांबा नृत्यगीतानें ती जगांत ओळखली जाते, त्याची जडणघडणहि याच बंदराच्या परिसरांत, त्यांच्याच वंशजांच्या वस्तींत झाली. देणगी ठेवून घ्यावी आणि देणाऱ्याचें नांव पुसावें, याला कोणत्या नीतीचा आधार आहे?

त्या खोदकामांत मणी, कवड्या, चिलमी सांपडल्या. सर्वस्व हिरावलेल्या माणसांनीं तेवढें तरी जपलें होतें. २०१७ सालीं हा धक्का जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. तेथें आज सम्राज्ञीचे घडीव दगड आणि खालचे ओबडधोबड दगड दोन्ही दिसतात. वरचे उखडून टाकले नाहींत, खालचे पुन्हा झांकले नाहींत. भूतकाळाशीं प्रामाणिकपणें वागण्याची याहून सोपी रीत मला तरी ठाऊक नाहीं.