कट्ट वाजलं म्हणजे बरं झालं?

उभी राहा. कालच्या देवरीच्या शिबिरात, भाताच्या रोवणीनं कंबर धरलेल्या त्या बाईला काय सांगितलंस? "हाड सरकलं होतं, बसवून दिलं." कट्ट आवाज आला आणि तुझी कॉलर ताठ! हाडं बसवून देणारे गावोगाव आहेत, पैसेही कमी घेतात. त्यासाठी फिजिओथेरपी कशाला शिकायची?

तू बसवलास म्हणतेस तो एसआय जॉइंट, म्हणजे पाठीच्या कण्याचं टोक आणि कमरेचं हाड यांच्यातला सांधा, हलतो किती? जेमतेम २ ते ४ अंश. १९९८ साली स्वीडनमध्ये टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी १० रुग्णांमध्ये मॅनिप्युलेशनच्या झटक्याआधी नि झटक्यानंतर हाडांची जागा खास एक्स-रे पद्धतीनं मोजली. जागा बदललीच नव्हती. तपासणाऱ्यांच्या हातांना मात्र सांधा सुधारल्यासारखा वाटला होता. मग तुझ्याच बोटांना सरकलेलं हाड कसं लागलं?

वर मलाच विचारतेस, "सर, मॅनिप्युलेशन भारी की मसल एनर्जी?" आधी दुखतंय कुठं ते तरी बघ! थाय थ्रस्ट, कॉम्प्रेशन, डिस्ट्रॅक्शन, सेक्रल थ्रस्ट, यांतल्या किती चाचण्यांत तिचं नेहमीचं दुखणं उठलं? या चारांतल्या निदान दोन हव्यात. तुझ्या केसपेपरवर एकही नाही. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-अर्धा तास आखडते का, ताप येतो का, विचारलंस? या पट्ट्यात सिकलसेल आहे. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि दुखणं कमरेचं वाटू शकतं. तेही विचारलं नाहीस.

आता ऐक. झटका, मोबिलायझेशन, मसल एनर्जी, तिन्हींनी काही दिवस आराम पडू शकतो. एकीनं दुसरीवर ठाम मात केल्याचा पुरावा नाही. निवड रुग्ण बघून करायची. हाडं ठिसूळ असतील तर झटक्याचं नाव काढायचं नाही. रुग्ण घाबरलेली असेल तर मसल एनर्जी घे. तुझ्या हाताविरुद्ध तिला पाचेक सेकंद हलका जोर लावू दे, सैल सोडू दे, मग पुन्हा. आणि त्या आरामाच्या दिवसांतच व्यायाम सुरू कर. ती दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावते. कुल्ल्याच्या नि पोटाच्या स्नायूंत ताकद आली नाही, तर दुखणं उलटेल, आणि ती समजेल हाड पुन्हा सरकलं. मग मजुरी बुडवून तुझ्या दारात! रोजी तिची जाणार, मिरवणार तू.

तिला परत बोलव. हाड जागेवरच होतं, हे तुझ्या तोंडानं सांग. सगळ्या चाचण्या माझ्यासमोर कर, ब्रिजिंगचा व्यायाम शिकव. तोवर कुणाच्या कमरेला हात लावायचा नाही. बस खाली.