हरलेल्यांची मेहनत

गेल्या हंगामात रत्नागिरीतल्या एका कॉलेजचा कबड्डी संघ सात सामने खेळला आणि सातही हरला. त्या कॉलेजशी माझा तसा संबंध नाही. मी शाळामास्तर, विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. पण संघातली चार मुले माझ्या हाताखालून गेलेली, आणि त्यांचा सराव चाले तो आमच्या शाळेच्या मैदानावर. त्यामुळे सातव्या सामन्यानंतर त्यांच्यापुढे दोन शब्द बोलण्याचा मान माझ्याकडे आला. मी म्हणालो, "मेहनत कमी पडली, बाळांनो. पुढल्या वर्षी कसून मेहनत करा, यश तुमचेच आहे."

शेवटच्या चढाईत सापडलेला मुलगा भिंतीला टेकून बसला होता. दोघांना स्पर्श करून परतताना, मध्यरेषा हातभर उरली असता त्याला मागून धरले होते. मान वर न करता तो म्हणाला, "सर, समोरच्यांनी पण केलीच असेल ना मेहनत? त्यांना पण कोणीतरी असंच सांगितलं असेल."

त्यात उद्धटपणा नव्हता. असता तर बरे झाले असते. मी रागावलो असतो आणि विषय संपला असता.

वीस-बावीस वर्षे मी वर्गावर्गांतून हे वाक्य सांगत आलो आहे. त्याचा हिशेब मात्र कधी मांडला नव्हता. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ उतरले तर पंधरा हरून घरी जातात. मेहनत करील तो जिंकेल, हे वचन आपण सोळांनाही देतो. मग ते पंधरांच्या बाबतीत खोटे ठरायलाच हवे. किंवा ते पंधराही संघ आळशी होते असे तरी म्हणायला हवे. आपण बिनदिक्कत दुसरे म्हणतो. हरलेल्याच्या पदरी पराभव असतोच, त्यात वर एक दुर्गुणही बांधून देतो.

२०१८ साली जकार्तात काय झाले ते पाहा. १९९० च्या बीजिंगपासून सलग सात आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचे सुवर्णपदक भारताच्या पुरुषांनी घेतले होते. जकार्तात उपान्त्य सामन्यात इराणने त्यांना २७-१८ असे हरवले, आणि पाठोपाठ आपल्या मुलीही अंतिम सामना इराणकडूनच २७-२४ असा हरल्या. 'आपण गाफील राहिलो' असे तेव्हा नाक्यानाक्यावर ऐकू आले. पण त्या इराणी मुलींना शिकवले होते आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांनी. म्हणजे श्रम दोन्हीकडे होते आणि विद्याही एकाच मातीतली होती. अंतर फक्त तीन गुणांचे. तीन गुणांत कोणाचे चारित्र्य मोजता येते, असे मला वाटत नाही.

यावर आमच्या गावात एक उत्तर तयारच असते. लोकमान्यांचा जन्म इथला, १८५६ चा. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेले 'गीतारहस्य' इथल्या पुष्कळ घरांत कपाटात असते, आणि फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, हे न वाचलेल्यांनाही ठाऊक असते. मीही ते त्या मुलाला ऐकवणार होतो. पण कबड्डी डोळ्यांपुढे आणली आणि थबकलो. श्वास कोंडून परक्या अंगणात शिरलेल्या मुलाला स्पर्शाची हाव नसेल तर तो चढाई करतो आहे असे म्हणायचे कशाला? जिंकण्याची इच्छाच सोडलेला खेळाडू समोरच्याचाही खेळ बिघडवतो. तेव्हा इच्छा पूर्ण हवी, आणि ती पुरी न झाली तर मनुष्य म्हणून आपण उणे ठरलो असे मानायचे नाही. हे दोन्ही एका वेळी सांभाळणे विसाव्या वर्षी किती कठीण! पंचेचाळिसाव्या वर्षी, पुस्तकाचे हस्तलिखित साभार परत येते तेव्हा, मला तरी कुठे साधते?

आमचे बागायतदार या बाबतीत अधिक शहाणे आहेत. मोहोर उत्तम आला, फवारण्या वेळेवर झाल्या, आणि फेब्रुवारीत अवकाळी पाऊस पडून सारे गळून गेले, तर 'त्याची मेहनत कमी पडली' असे त्याच्या शेजारी कोणी म्हणत नाही. फवारणीत चूक झाली असेल तर ती मात्र नेमकी काढतात: अमुक औषध आठ दिवस उशिरा मारलेस.

हे सुचले आणि मला माझी खरी चूक दिसली. सात सामन्यांतले पाच मी स्वतः पाहिले होते. पण पाहिला होता तो गुणफलक. 'कसून मेहनत करा' म्हणायला काहीच पाहावे लागत नाही, म्हणून ते वाक्य आम्हां मास्तरांच्या तोंडी इतके सुखाने बसते. एका मुलाकडे शेवटच्या सामन्याचे मोबाईलवर घेतलेले चित्रण होते. ते आम्ही दोघांनी, मी आणि त्या चढाईपटूने, चार वेळा पाहिले. स्पर्श झाला की तो मध्यरेषेकडे बघतो आणि कोपऱ्यातल्या रक्षकावरची नजर एक पाऊल आधी काढतो. प्रत्येक चढाईत! त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते.

आता प्रश्न सरावाचा होता, आणि तो साधा नव्हता. एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा हंगाम. झेला घेऊन झाडावर चढणाऱ्या मुलांना रोजची मजुरी मिळते, आणि या मुलाच्या घरी त्या पैशांवर पुढल्या वर्षाची फी अवलंबून असते. त्याच्या सकाळी मी कोणत्या वचनावर मागाव्यात? मी त्याला स्पष्ट सांगितले की पाठ न वळवता मागे येणे तुला दोन महिन्यांत शिकवता येईल. सामना जिंकाल की नाही, ते मला माहीत नाही. पुढलेही सातच्या सात हराल, असेही होऊ शकते.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सातला बागेत जावं लागतं, सर. पहाटे पाचला आलो तर चालेल?"

दोन महिने तो आला. पुढे पाऊस लागल्यावर शाळेच्या पडवीत खडूने मध्यरेषा आखून आम्ही चालू ठेवले.

नव्या हंगामातला पहिला सामना आम्ही चार गुणांनी हरलो. दुसरा पुढच्या आठवड्यात आहे.