लहान दिसणें व लहान असणें

चित्रांत डोंगर मोठा काढून त्याच्या पायथ्याशीं माणसें मुंगीएवढीं काढलीं असतां, चित्रकारानें माणसास तुच्छ लेखिलें असें समजावें काय? वाचकहो, हा प्रश्न केवळ चित्रांचा नव्हे. कारण जो लहान दिसतो तो हलका, असें आपण व्यवहारांतही नकळत धरून चालतों.

चाळीसगांवाहून कन्नडचा घाट चढून गेलें म्हणजे पुढें वेरूळ लागतें. तेथील लेण्यांचीं चित्रें जेम्स वेल्स या स्कॉच चित्रकारांनीं काढिलीं. ते १७९५ सालीं वारले. पुढें थॉमस डॅनियल यांनीं त्यांवरून २४ चित्रें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून १८०३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केलीं. त्यांपैकीं कांहींत वेरूळचा डोंगर दुरून दाखविला आहे. लांबवर पसरलेला कडा, त्यांत लेण्यांचीं काळोखीं तोंडें, आणि समोरच्या मोकळ्या जागेंत चिमुकलीं माणसें!

कोणी म्हणेल, डोंगराची उंची कळावी म्हणून हीं माणसें मोजपट्टीप्रमाणें उभीं केलीं आहेत. हा अर्थ खोटा नाहीं, पण अपुरा आहे. तो डोंगर पोखरला कोणीं? ८ व्या शतकांत, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, कैलास लेणें शिखरापासून खालीं कोरीत आणिलें. तेथें एक घाव चुकला तर उडालेला दगड पुन्हां बसवितां येत नाहीं. तें काम ज्या पाथरवटांच्या हातांनीं झालें, तेही दुरून पाहणारास एवढेच चिमुकले दिसले असते. राजाचें नांव राहिलें. त्यांचीं नांवें राहिलीं नाहींत. वेल्स यांच्या आधीं पुण्याचे गंगाराम तांबट यांनीं वेरूळचीं चित्रें काढिलीं होतीं. परंतु १८०३ च्या त्या पुस्तकाच्या मथळ्यांत वेल्स व डॅनियल यांचींच नांवें आहेत.

आतां जळगांवहून अजिंठ्यास जाऊं. तेथील ५ व्या शतकांतील भिंतींवरच्या चित्रांत उलट प्रकार आढळतो. डोंगर विटा रचल्यासारख्या ठोकळ्यांनीं नुसता सुचविला आहे, आणि माणसें त्याच्यापुढें मोठीं आहेत. १७ व्या लेण्यांत वनवासाची वार्ता पत्नीस सांगणारा विश्वंतर राजपुत्र पाहावा. त्या दोघांचें दुःख चेहऱ्यांवर वाचतां येतें. चित्रकार इतका जवळ गेला कीं डोंगरास मागें सरावें लागलें.

यावरून दिसून येईल कीं, चित्रांतील लहानपण हें माणसाच्या योग्यतेचें माप नसून पाहणाराच्या अंतराचें माप आहे. डोंगरापुढें आपण लहान आहों, हें जाणणें नम्रता होय; पण दुसऱ्यास लहान ठरविणें ही नम्रता नव्हे. शेताच्या टोकाशीं कापूस वेंचणारी बाई रस्त्यावरून ठिपक्यासारखी दिसते. ती तेवढीच आहे असा निकाल देण्यापूर्वीं बांध ओलांडून चार पावलें पुढें जावें, आणि तिचें नांव विचारावें.