पत्रपेटीची किल्ली

आपण जें साधन वापरतों त्याचें अंतरंग जाणणें हें आपलें कर्तव्य आहे काय, हा प्रश्न वरवर पाहतां अनाठायीं वाटेल. टांग्यांत बसणाऱ्यानें घोड्यास नाल ठोकण्याची विद्या शिकावी असें कोणी म्हणत नाहीं. श्रमविभाग हाच तर सुधारणेचा पाया होय. परंतु पत्र ही वस्तु टांग्याहून भिन्न आहे. पत्रांत दुसऱ्या मनुष्यानें आपणांवर टाकलेला विश्वास असतो. म्हणून पत्रव्यवहाराच्या साधनाविषयीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें विचारला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

मराठवाड्यास हा प्रश्न नवा नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व दरबारची भाषा उर्दू होती. मराठी शेतकऱ्यास सरकारी कागद करावयाचा म्हणजे अर्जनवीसाच्या लेखणीचा आश्रय घ्यावा लागे. घरचें पत्रहि ज्यास अक्षरओळख नसे त्यास दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागे. लेकीचें सासरचें दुःख आईच्या आधीं वाचणाऱ्यास कळे. साक्षरतेनें त्या आईस ज्ञान दिलें हें खरें. पण त्याहून मोठी देणगी एकांताची होती.

आज तीच स्थिति निराळ्या वेषानें परत आली आहे. नीट किंवा जेईई परीक्षेच्या तयारीसाठीं लातूर-नांदेडास येणारा खेड्यांतील विद्यार्थी अर्ज भरावयास नेट-कॅफेंत जातो. त्याचें ईमेलचें खातें पुष्कळदां दुकानदारच उघडतो, आणि परवलीचा शब्द त्याच्याच वहींत राहतो. मुलगा पदार्थविज्ञान शिकतो, पण स्वतःच्या पत्रपेटीची किल्ली कोणापाशीं आहे हें त्यास ठाऊक नसतें.

या दृष्टीनें टर्मिनलवरून ईमेल वाचण्याची जुनी पद्धति विचारार्ह आहे. टर्मिनल म्हणजे चित्रें व बटनें नसलेला, निव्वळ अक्षरांचा पडदा. रे टॉम्लिन्सन यांनीं १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्यावर जें पहिलें ईमेल धाडलें तें अक्षरांचेंच होतें. मायकेल एल्किन्स यांचा ‘मट’ नांवाचा प्रोग्रॅम १९९५ सालीं निघाला. त्याच वर्षीं १५ ऑगस्टास विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य जनांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां ‘शेल’ खात्यांतून पुष्कळांनीं असाच अक्षरी पत्रव्यवहार केला.

मट मांडावयाचा म्हणजे एका साध्या फाइलींत आपल्या हातानें ओळी लिहावयाच्या: आपलें नांव व पत्ता, आलेलीं पत्रें कोणत्या यंत्रावर आहेत व तेथें आयमॅपच्या ९९३ क्रमांकाच्या द्वारानें कसें जावें, जाणारीं पत्रें कोणत्या यंत्राच्या स्वाधीन करावीं. जीमेलसारखें खातें नेहमींचा परवलीचा शब्द येथें स्वीकारीत नाहीं; सोळा अक्षरांचा निराळा शब्द मागून घेणें हा एक मार्ग आहे, आणि त्याकरितां खात्याची दुहेरी पडताळणी स्वतःच्या फोनवर चालू करावी लागते. म्हणजे दुकानदाराच्या वहींतील शब्दानें एकट्यानें कुलूप उघडत नाहीं. शिवाय जाहिरातींच्या पत्रांत पुष्कळदां एक अदृश्य चित्र दडविलेलें असतें. पत्र उघडतांच तें प्रेषकाच्या यंत्रावरून मागविलें जातें, व आपण केव्हां वाचलें हें त्यास कळतें. अक्षरी पडदा असें चित्र आपण होऊन मागवीत नाहीं.

यावर आक्षेप येतील, व ते खोटे नाहींत. हा सोवळेपणा आहे, घरीं सूत कातणाऱ्यानें गिरणीचें कापड नेसणाऱ्यास हिणवावें तसा, असें कोणी म्हणेल. दुसरा म्हणेल, पत्रें तर कंपनीच्याच यंत्रावर राहतात. २०१७ पर्यंत जीमेल जाहिरातींसाठीं पत्रांतील मजकूर यंत्राकडून चाळवीत असे, तें मट वापरल्यानें थोडेंच टळलें? तिसरा आक्षेप आम्हीच जोडतों. टर्मिनलची रचना एका अक्षरास एक चौकट या हिशेबानें झालेली असल्यामुळें आमचीं जोडाक्षरें व वेलांट्या तेथें बहुधा विस्कटतात. मातृभाषेंत सुखानें लिहूं न देणारें स्वातंत्र्य अर्धेंच होय.

तेव्हां मट सर्वांनीं वापरावा असें आमचें म्हणणें नाहीं. मोबाइलवरील सोय पत्करणारा मनुष्य नीतीनें हीन ठरत नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, जाणून पत्करलेली सोय आणि न जाणतां पत्करलेली सोय यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारांत आपण केवळ आपलें नव्हे, तर ज्यानें आपणांस लिहिलें त्याचें गुपितहि त्यास न विचारतां गहाण टाकतों. म्हणून हें कर्तव्य विश्वासाच्या प्रमाणांत वाढतें. वैद्य, वकील व शिक्षक यांवर तें अधिक आहे. ‘अभ्यास झेपत नाहीं, पण घरीं कळवूं नका,’ असें एखाद्या विद्यार्थ्यानें रात्रीं शिक्षकास लिहावें, आणि तें पत्र कोठें राहतें व कोणाच्या दृष्टीस पडूं शकतें हें शिक्षकास सांगतां येऊं नये, हें आम्हांस शोभणारें नाहीं.

आमच्या महाविद्यालयांतून प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकदां तरी हें मांडकाम त्याच्याच हातानें करवून घ्यावें. दोन तासांहून अधिक वेळ लागणार नाहीं. नंतर तो खुशाल मोबाइलकडे परत जावो. आपलीं पत्रें कोणापाशीं ठेवलीं आहेत हें मात्र तो जाणून असेल.